पाणी मागणारी मोटार

भाद्रपद जवळ आला कीं मुंबईहून कोंकणांत उतरणाऱ्या रस्त्यावर एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. पनवेल मागें टाकून कर्नाळ्याची खिंड ओलांडली, कीं पेणपर्यंत आणि पेणच्याहि पुढें वडखळपर्यंत मोटारींची रांग लागलेली असते. कोणी गणपतीसाठीं गांवीं निघालेला असतो, तर कोणी पेणच्या कारखान्यांतून मूर्ति आणावयास आलेला असतो. या रांगेच्या कडेला मधूनमधून एखादी मोटार तोंड वासून उभी असते. बॉनेट वर केलेलें, आंतून वाफेचे लोट निघत असलेले, मुलेंमाणसें छत्र्या उघडून बाजूला उभीं, आणि कुटुंबांतील कर्ता पुरुष हातांत पाण्याची बाटली घेऊन गोंधळलेला, असें तें चित्र असतें. कोणी विचारलें तर उत्तर दोनच शब्दांचें मिळतें : "गाडी तापली."

या दोन शब्दांमागें जवळजवळ दीडशें वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तोच आज थोडक्यांत सांगावा असा माझा विचार आहे. हा इतिहास केवळ करमणुकीचा नाहीं. तापलेल्या इंजिनापुढें गांगरून जाऊन भलतेंच करून बसल्यामुळें कित्येकांचे हात पोळले आहेत, आणि कित्येकांचीं इंजिनें कायमचीं निकामी झालीं आहेत. माझ्या उजव्या मनगटावर अशा एका गांगरण्याची खूण आजहि आहे. तिची हकीकत पुढें येईलच.

प्रथम, इंजिन तापतें कां, हें पाहूं. मोटारीचें इंजिन म्हणजे मुळांत एक शेगडीच होय. फरक इतकाच कीं, तिच्यांतील विस्तव दर मिनिटास हजारों वेळां पेटतो आणि विझतो. नळकांड्यांत पेट्रोल व हवा यांच्या मिश्रणाचा भडका उडतो, त्या क्षणीं तेथील उष्णतामान दोन हजार अंशांच्याहि वर जातें. आंत खालींवर होणारा दट्ट्या ज्या ॲल्युमिनियमचा केलेला असतो, तें तर ६६० अंशांस वितळतें. तरीहि दट्ट्या वितळत नाहीं. कारण भडका क्षणभरच टिकतो, आणि भिंतींत शिरलेली त्याची उष्णता कोणीतरी लागलीच उचलून नेत असतो. ढोबळ मानानें सांगावयाचें तर, जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकीं तिसऱ्या हिश्शाच्या आसपास गाडी ओढण्याच्या कामीं येते. जवळजवळ तितकीच धुराबरोबर निघून जाते. आणि उरलेला वांटा इंजिनच्या अंगांत मुरतो. हा तिसरा वांटा बाहेर कसा टाकावा, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे.

किंबहुना, पेणच्या वाटेवरील गाडीवानांना तो मोटारीच्याहि आधींपासून ठाऊक होता, असें म्हटलें तर तुम्हांस नवल वाटेल. पेण हें खाडीवरचें जुनें बंदर. येथील मिठागरांचें मीठ आणि खाडीकांठचें भात बैलांच्या पाठीवरून खोपोलीकडे आणि तेथून घाट चढून देशावर जात असे. बोरघाटांतून चाकांच्या गाड्यांना चढतां येईल असा रस्ता १८३० सालीं, सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असतांना, खुला झाला. चढावर बैलाची छाती धपापूं लागली आणि तोंडास फेस आला, कीं गाडीवान चाकाला दगड लावी, बैलास विसावा देई, आणि त्याचा श्वास ठिकाणावर आल्यानंतरच त्यास पाणी दाखवी. धापा टाकणाऱ्या जनावरास एकदम पोटभर थंड पाणी पाजूं नये, हें त्यास कोणीं शिकवावें लागत नसे. श्रोते हो, गाडीवानाचा हा नियम ध्यानांत असूं द्या. त्याची गरज पुढें लागणार आहे.

१८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी धांवूं लागली. आगगाडीच्या त्या इंजिनालाहि पाणी लागे, आणि मोटारीच्या इंजिनालाहि पाणी लागतें. परंतु दोहोंच्या गरजा अगदीं उलट आहेत. वाफेच्या इंजिनांत पाणी उकळलें नाहीं तर गाडी थांबते. मोटारीच्या इंजिनांत पाणी उकळलें तर गाडी थांबते. वाफेच्या इंजिनाला पाणी हें अन्न आहे. मोटारीला तें केवळ हमाल आहे. इंजिनांतील उष्णतेचें ओझें डोक्यावर घ्यावें, बाहेर वाऱ्यावर नेऊन टाकावें, आणि रिकाम्या डोक्यानें परत यावें, एवढेंच त्याचें काम. मोटारीच्या तापण्याचा इतिहास म्हणजे या हमालाचा इतिहास होय.

त्याचा आरंभ जर्मनींत होतो. कार्ल बेंझ यांनीं आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट २९ जानेवारी १८८६ रोजीं मागितलें. त्या गाडींत नळकांड्याभोंवतीं पाणी होतें, पण तें पुन्हां थंड करून वापरण्याची पुरी सोय नव्हती. तें तापे, उकळे, वाफ होऊन उडून जाई, आणि वाफेबरोबर उष्णताहि जाई. पाणी संपलें कीं नवें ओतावें. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत बेंझ यांच्या पत्नी बेर्ता यांनीं, पतीस न सांगतां, आपल्या दोन मुलग्यांना बरोबर घेऊन मानहाइमपासून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारें शंभर किलोमीटरांचा प्रवास या मोटारींतून केला. वाटेंत त्यांनीं औषधाच्या दुकानांतून इंधन विकत घेतलें, टोपीच्या पिनेनें तुंबलेली नळी मोकळी केली, चढावर गाडी ढकलवून घेतली, आणि पाण्यासाठीं त्या पुनःपुन्हां थांबत गेल्या. म्हणजे मोटारीच्या पहिल्याच लांबच्या प्रवासांत गाडीनें पाणी मागितलें, आणि तें एका गृहिणीनें न गांगरतां तिला पाजलें.

दर थोड्या मैलांवर विहीर शोधणें हा कांहीं कायमचा उपाय नव्हे. तो उपाय डाइमलरच्या कारखान्यांतील विल्हेल्म मायबाख यांना सुचला. १९०० सालीं त्यांनीं जी मोटार आंखली, आणि जी पुढें मर्सिडीज या नांवानें गाजली, तिच्या पुढच्या तोंडाला त्यांनीं मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक रेडिएटर बसविला. त्यांत सहा मिलिमीटर बाजूच्या आठ हजारांहून अधिक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा वाहे आणि नळ्यांमधील फटींतून पाणी झिरपत जाई. पाठीमागें पंखा फिरे. तांब्यांतील चहा लवकर निवत नाहीं, पण तोच बशींत ओतला कीं निवतो, तसेंच हें. पाण्याचा पृष्ठभाग वाढविल्याबरोबर पूर्वीच्या निम्म्या पाण्यावर काम भागूं लागलें.

या ठिकाणीं एक महत्त्वाची गोष्ट घडली. तोंपर्यंत पाणी खर्च होत असे. आतां तेंच पाणी पुन्हां पुन्हां फिरूं लागलें. सोय फार मोठी झाली यांत शंका नाहीं. परंतु जी वस्तु रोज खर्च होते तिच्याकडे आपलें लक्ष असतें, आणि जी आपोआप फिरत राहते तिचा आपणांस विसर पडतो. पुढच्या प्रत्येक सुधारणेबरोबर हा विसर वाढतच गेला आहे.

१९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या 'टी' मोटारींत, सुरुवातीच्या कांहीं गाड्या वगळल्यास, पाणी फिरविण्यास पंपहि नव्हता. चुलीवरच्या हंड्यांत तापलेलें पाणी जसें आपोआप वर येतें आणि थंड पाणी तळाशीं जातें, त्याच न्यायानें इंजिनांतील ऊन पाणी वरच्या नळीनें रेडिएटरांत चढे आणि निवलेलें पाणी खालच्या नळीनें परत येई. युक्ति सुंदर होती; पण पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखालीं गेली कीं फिरणें बंद पडे आणि उरलेलें पाणी जागच्या जागीं उकळूं लागे. म्हणून पुढें सर्वत्र पंप आला, आणि पंपाबरोबर त्यास फिरविणारा पट्टा आला. पातळीची चिंता कमी झाली. पट्टा तुटण्याची चिंता नव्यानें आली.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रेडिएटरच्या टोपणावरच एक उष्णतामापक बसविण्याची चाल पडली. बॉइस मोटोमीटर हें त्याचें प्रसिद्ध नांव. चालक आपल्या जागेवरून, समोरच्या कांचेंतून, तांबडी रेघ चढतांना पाहूं शके. पुढें तोच कांटा चालकासमोरच्या फळीवर आला. आतां तर पुष्कळ नव्या गाड्यांत कांटाहि उरला नाहीं. केवळ एक तांबडा दिवा आहे, आणि तो लागतो तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. पाणी पुरेसें तापेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट अडवून धरणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, हीहि त्याच काळांतील देणगी. इंजिन फार तापणें जसें वाईट, तसें तें फार थंड राहणेंहि वाईट. थंड इंजिन पेट्रोल अधिक जाळतें आणि लवकर झिजतें.

त्यानंतर आलें दाबाचें टोपण. समुद्रकांठीं पाणी १०० अंशांस उकळतें. खंडाळ्याच्या उंचीवर तें सुमारें ९८ अंशांसच उकळूं लागतें. म्हणजे इंजिनाला जेथें कष्ट अधिक, तेथेंच पाण्याचा धीर कमी! यावर तोड म्हणून रेडिएटरचें तोंड स्प्रिंगच्या घट्ट टोपणानें बंद केलें. आंत वातावरणाच्या सुमारें दुप्पट दाब साठला, कीं पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाहीं. घरांतील प्रेशर कुकरचेंच हें तत्त्व. याच्या जोडीला ग्लायकोल नांवाचें द्रव्य आलें. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्युर्त्स यांनीं तें १८५६ सालीं प्रथम तयार केलें होतें. १९२७ पासून अमेरिकेंत तें मोटारींसाठीं प्रेस्टोन या नांवानें विकलें जाऊं लागलें. तेथें पाणी गोठूं नये म्हणून त्याचा उपयोग. आपल्याकडे कोंकणांत बर्फाची भीति नाहीं. तरी तें पाण्याचा उत्कलनबिंदु वाढवितें आणि त्यांत मिसळलेल्या इतर औषधांमुळें गंज व क्षार धरत नाहींत, म्हणून आज कूलंट या नांवानें आपणहि तें वापरतों. एक इशारा मात्र दिला पाहिजे. हें द्रव्य चवीला गोड आणि पोटांत गेल्यास विषारी असतें. सांडलेलें कूलंट लागलीच धुऊन टाकावें आणि त्याची बाटली मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. मुंबईच्या रस्त्यांवर मोटार अवतरली ती १८९८ च्या सुमारास. पुढें कोंकणांत खासगी सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या. मुंबईचा उतारू बोटीनें धरमतरच्या धक्क्यावर उतरे, आणि तेथून मोटारीनें पेण, नागोठणें, महाड अशा गांवीं जाई. थांब्यावर गाडी उभी राहिली, कीं क्लीनरनें पाण्याचा डबा घेऊन विहिरीकडे धांवावें, हें त्या प्रवासाचें अंगच होतें. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी सुटली, आणि हळूहळू ही वाहतूक सरकारी महामंडळाकडे गेली. याच काळांत मोटारी आपल्या प्रांतांत तयारहि होऊं लागल्या. १९२० नंतरच्या दशकांत बोरघाटांतील रेल्वेच्या नव्या बोगद्यांचें काम ज्यांच्या कंपनीनें केलें, त्याच वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. ज्यांनीं आगगाडीची घाटाची वाट सुकर केली, त्यांच्याच कारखान्याच्या मोटारींनीं पुढें तोच घाट लाखों वेळां चढावा, हा योगायोग मोठा मनोरंजक आहे.

आतां माझ्या मनगटाची हकीकत. १९८४ सालच्या श्रावणांतील एक रविवार. मी महाविद्यालयांत शिकत होतों. वडिलांनीं एक वापरलेली मोटार विकत घेतली होती. तिचें नांव सांगत नाहीं, कारण दोष तिच्या जातीचा नव्हता. पेणहून गणपतीची मूर्ति घ्यावयाची आणि खोपोलीवरून घाट चढून पुण्यास आजोळीं पोंचती करावयाची, असा बेत होता. गाडीची तापण्याची खोड आम्हांस ठाऊक होती. मुंबईच्या एका दुरुस्तीवाल्यानें तीन वेळां पैसे घेऊन आधीं पट्टा बदलला, मग पंप बदलला, आणि शेवटीं "ही वस्तु थंड मुलखाची, आपल्याकडे लागत नाहीं" असें सांगून थर्मोस्टॅट काढून टाकला होता. तरी कर्नाळ्याच्या चढावर कांटा तांबड्या रेघेला भिडलाच. गाडी थांबली. वडील "थांब, थांब" म्हणत असतांनाच मी मोठ्या शौर्यानें रुमाल धरून टोपण फिरविलें. त्या क्षणापर्यंत पाणी शांत होतें. दाब सुटतांच तें सारें एकदम उसळलें, आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. दाबाच्या टोपणाचें तत्त्व मी पुस्तकांतून नव्हे, तर असें शिकलों.

तास-दीड तासानें, ओढ्याचें पाणी घालून, आम्ही रखडत पेणला पोंचलों. माझा हात डॉक्टरांनीं बांधून दिला आणि गाडी एका वयस्कर मिस्त्रींच्या दारांत उभी राहिली. वडिलांना वाटलें, आतां हे हत्यारें काढतील. मिस्त्रींनीं हत्याराला हात लावला नाहीं. त्यांनीं प्रश्न विचारले.

"साहेब, उभी असतांना तापते, कीं चढावर?"

"चढावर. मुंबईंत सिग्नलला कधीं तापत नाहीं."

"पाणी किती दिवसांनीं घालावें लागतें?"

"उकळून सांडलें तरच. एरव्हीं कमी होत नाहीं."

"याआधीं कोणीं काय काय बदललें?"

वडिलांनीं सर्व सांगितलें. मिस्त्री म्हणाले, "मग पंखा ठीक आहे, आणि गळती नाहीं. अर्धें काम तुम्हींच केलेंत."

इंजिन पुरतें निवल्यावर त्यांनीं टोपण काढून आंतून बोट फिरविलें. बोटास पांढरट-तांबूस खपली लागली. मग इंजिन चालू करून त्यांनीं वरच्या रबरी नळीवर हात ठेवला, नंतर खालच्या नळीवर. शेवटीं इंजिन बंद करून त्यांनीं एक ओलें फडकें रेडिएटरच्या तोंडावरून फिरविलें. कडेचा भाग पाहतां पाहतां वाळला. मधला मोठा पट्टा ओलाच राहिला. "तेथें ऊन पाणी पोंचतच नाहीं," ते म्हणाले. "नळ्या बुजल्या आहेत. ह्या गाडीनें विहिरीचें पाणी पुष्कळ प्यालें आहे, साहेब. आमच्या खारेपाटांतल्या गाड्यांचें असेंच होतें." तेव्हां वडिलांना आठवलें, गाडीचे आधींचे मालक अलिबागकडे समुद्राजवळ राहत असत. वर्षानुवर्षें मचूळ पाणी आंत ओतलें गेलें होतें, आणि हंड्याला क्षाराचा थर धरावा तसा तो नळ्यांतून धरला होता.

रेडिएटर खालीं उतरला. त्या काळीं तो तांब्या-पितळेचा असे. वरच्या टांकीचें डाख वितळवून ती उघडली, आणि पोलादाच्या चपट्या पट्ट्या एकेका नळींतून घालून खपल्या पाडल्या. टांकी पुन्हां डाखून, सारा रेडिएटर पाण्याच्या हौदांत बुडवून, आंत हवा भरून बुडबुडे येतात का तें पाहिलें. नवा थर्मोस्टॅट बसविला, नवें टोपण बसविलें. आणि पाणी? पागोळीखालीं ठेवलेल्या पिंपांतील पावसाचें पाणी त्यांनीं गाळून घेतलें. "आकाशांतलें पाणी गोड असतें," एवढेंच ते म्हणाले. पावसाच्या पाण्यांत क्षार जवळजवळ नसतात, हें शास्त्र त्यांना अनुभवानें ठाऊक होतें. आज त्याच कामासाठीं आपण शुद्ध केलेलें पाणी आणि कूलंट वापरतों. आणि आजच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरास डाख लावतां येत नसल्यामुळें, तो फार बुजला असल्यास बहुधा बदलावाच लागतो.

तिसऱ्या प्रहरीं आम्ही खोपोलीची वाट धरली. बहिणीच्या मांडीवर गणपति, माझा हात गळ्यांत. बोरघाटाच्या चढावर आम्हां सर्वांचे डोळे त्या कांट्यावर खिळले होते. तो मध्यावरून हलला नाहीं. घाटांत शिंग्रोबाचें देऊळ लागतें. रेल्वेसाठीं घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचें तें स्थान, अशी आख्यायिका आहे, आणि तेथें थांबून नाणें वाहण्याची गाडीवाल्यांची चाल आहे. वडिलांनीं गाडी थांबवून नाणें वाहिलें. श्रद्धेची गोष्ट श्रद्धेच्या ठिकाणीं. पण चढ चढणाऱ्या प्रत्येक वाहनाला त्या निमित्तानें चार क्षण विसावा मिळतो, हें त्या दिवशीं प्रथम माझ्या लक्षांत आलें.

त्या मिस्त्रींनीं जें केलें तें मला पुढें इतिहासाचा अभ्यास करतांना अनेकदां आठवलें. मुंबईच्या दुरुस्तीवाल्यानें भाग बदलले. पेणच्या मिस्त्रींनीं वृत्तांत विचारला. केव्हां, कोठें, कशानंतर काय घडलें, याची संगति लावल्यावांचून कारण सांपडत नाहीं. इंजिनचें तापणें हा रोग नव्हे, तें लक्षण आहे. म्हणून श्रोत्यांसाठीं तो क्रम येथें मांडून ठेवतों.

कांटा चढूं लागला कीं गाडींतील थंड हवेचें यंत्र बंद करावें आणि उष्ण हवेचें पूर्ण सोडावें. त्यानें इंजिनची थोडी उष्णता गाडींत येते. आपणांस घाम येईल, पण इंजिन वांचेल. तरीहि कांटा उतरला नाहीं, किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागीं थांबून इंजिन बंद करावें. निदान अर्धा तास टोपणास हात लावूं नये. येथें गाडीवानाचा नियम आठवावा. तापलेल्या इंजिनांत एकदम थंड पाणी ओतल्यास धातु तडकते. म्हणून आधीं विसावा, मग पाणी.

नंतर विचारावें : उभी असतांना तापते, कीं धांवतांना? वडखळच्या रांगेंत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंखा पाहावा. पंखा विजेचा असेल तर त्याचा फ्यूज, पट्ट्यावरचा असेल तर पट्टा. उलट चढावर किंवा वेगांत तापते, तर वाट बुजलेली आहे : बाहेरून चिखलानें किंवा किड्यांनीं, अथवा आंतून क्षारानें. इंजिन तापलें असूनहि रेडिएटरकडे जाणारी नळी थंडच असेल, तर थर्मोस्टॅट मिटून बसला आहे, किंवा पाणी फिरतच नाहीं. पाणी रोज कमी होत असेल, तर गळती शोधावी. नळ्यांचे सांधे, पंपाची खालची बाजू आणि गाडीखालचा डाग सांगतील. गळती दिसत नाहीं, पण पाणी घटतें, धूर पांढरा येतो, पाण्यांत बुडबुडे उठतात किंवा तेल दुधाळ होतें, तर हेड गॅस्केट उडालें आहे; मग गाडी एक पाऊलहि पुढें न नेतां ओढून न्यावी. आणि आणखी एक : पाणी सर्व गळून गेलें असेल तर कांटा फसवितो. त्याचें टोंक पाण्यांत असलें तरच तो खरें बोलतो. तापलेल्या गाडीचा कांटा अकस्मात् खालीं आला, तर आनंद न मानतां थांबावें.

बेर्ता बेंझ यांना पाणी दर थांब्यावर डोळ्यांनीं दिसत होतें. आपणांस तें दिसत नाहीं. शंभर-सव्वाशें वर्षांत एकेका शहाण्या युक्तीनें आपण तें नळींत, झडपेमागें, टोपणाखालीं आणि शेवटीं एका दिव्यामागें लपविलें. विजेवर चालणाऱ्या पुष्कळ मोटारींतहि बॅटरी थंड राखण्यासाठीं असेंच द्रव फिरत असतें. म्हणजे हा हमाल अजून निवृत्त झालेला नाहीं. युक्ति टाकून द्याव्या असें मी म्हणत नाहीं. पण महिन्यांतून एकदां, सकाळीं, इंजिन थंड असतांना, बॉनेट उघडून त्या डब्यांतील पातळी पाहावी, इतकें तरी आपल्या हातीं आहे.

यंदा गणपतीसाठीं त्या रस्त्यानें जाल तेव्हां कडेला वाफ सोडीत उभी असलेली मोटार दिसेल. तेथें एखादा तरुण रुमाल घेऊन टोपणाकडे हात नेत असेल. आपली गाडी क्षणभर थांबवून त्यास एवढेंच सांगा कीं, बाबा रे, थोडा दम धर. मला तें कर्नाळ्याच्या खिंडींत वडिलांनीं सांगितलें होतें. मीच ऐकलें नाहीं.